सत्काराची लढत

“याकोब, हात वर! दोन्ही हात वर! लोकांना दिसू दे!”

नाईकनवरे माइकवरून ओरडले आणि याकोब साळवेनं दोन्ही हात वर केले. गळ्यात झेंडूचे तीन हार, उघड्या खांद्यांवर सत्काराची शाल, खाली निळी सॅटिनची चड्डी आणि हातांत लाल ग्लोव्हज. ग्लोव्हज घातलेल्या माणसाला नारळ कसा द्यायचा हे कुणाला सुचेना, तेव्हा नाईकनवऱ्यांनी तो त्याच्या काखेत खुपसला. हॉल खदखदून हसला. याकोबही हसला. मी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्याला काळा बो अशा वेशात रिंगच्या दोराला टेकून उभा होतो. त्या लढतीचा मी पंच होतो.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतला तो हॉल. मे महिन्याची संध्याकाळ, वर पत्रे, खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं चढलेली. तळलेल्या वड्यांचा, बामाचा, घामाचा आणि त्या झेंडूचा एकत्र वास. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण लग्नाच्या मांडवात झेंडूजवळ बसायची वेळ आली तर मी अजून खुर्ची बदलतो.

याकोब आमच्या गावचा हेवीवेट. लोको शेडमध्ये फिटर. तरुणपणी रेल्वेकडून देशभर खेळला. खरगपूरच्या फायनलमध्ये त्यानं पिंटो नावाच्या मुंबईच्या धिप्पाड गड्याला असं आडवं केलं की त्याला उचलून न्यायला चार माणसं लागली, ही गोष्ट दौंडमध्ये न्हाव्यापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांना पाठ होती. त्याचा डावा हात दार ठोठावायचा आणि उजवा दार पाडायचा. आता तो त्रेचाळीस वर्षांचा होता. पोट सुटलेलं, भुवया जुन्या टाक्यांनी चिरलेल्या, बोलणं जरा जड.

समोरच्या कोपऱ्यात बिरदेव कोळेकर. कुरकुंभच्या माळावरचा धनगराचा पोरगा, माझ्याच शाळेत शिकलेला. मी तिथं पी.टी.चा मास्तर. बावीस वर्षांचा बिरू नुकताच पोलिसात लागला होता. राज्य स्पर्धेत दोन वर्षं त्याच्यापुढं कुणी तीन राउंड उभं राहिलं नव्हतं. एवढा मोठा देह, पण पाय असे हलके की बघणाऱ्याला वाटावं, हा रिंगणात चालतच नाही, कुणीतरी त्याला सरकवतंय.

महिनाभर गावाला दुसरा विषय नव्हता. याकोब भारी की बिरू भारी? कॉलनीवाले म्हणत, “याकोबचा एक हात बसला की पोरगं कुरकुंभपर्यंत रडत जाईल.” गावातले म्हणत, “बसायला हात पोचला पाहिजे ना!” चहाच्या टपरीवर माणसं उंची, वय, छाती, पल्ला असा एकेक गुण लग्नाच्या पत्रिकेसारखा जुळवून बघायची. मी दोघांच्याही लढतींत पंच होतो, म्हणून दोन्हीकडचे मला गाठायचे. मी हसून सुटका करून घ्यायचो.

हे सगळं पेटवलं होतं प्रभाकर नाईकनवऱ्यांनी. त्यांचा पेट्रोल पंप होता आणि त्यांच्याच नावाचा एक क्लब होता. त्या क्लबात बॉक्सिंग कमी आणि सत्कार जास्त व्हायचे. ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले होते, “मास्तर, याकोबला निरोप द्यायचाय. नुसता हार-तुरा काय कामाचा? तीन राउंड हलक्या हातानं खेळवू. जुना गडी, नवा गडी, एकमेकांना मिठी मारतील, फोटो निघेल. संपलं.” हलक्या हातानं, असं ते दोनदा म्हणाले. म्हणून मी हो म्हटलं.

आता मात्र ते माइकवर भलतंच बोलत होते. “आज फैसला! म्हातारा वाघ की तरणा वाघ? आज रात्री दौंड झोपणार नाही!” पहिल्या रांगेत दिल्लीहून आलेले, देशाच्या संघाच्या निवड समितीचे दोघे बसले होते. त्यांना बोलावल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या पलीकडे, अगदी कडेच्या खुर्चीवर, याकोबची बायको एस्तेरबाई पदर घट्ट धरून बसली होती. एवढ्या गर्दीत न हसणारं ते एकच तोंड होतं.

मी दोघांना मध्ये बोलावलं. “सत्काराची लढत आहे. हात सांभाळून. समजलं?”

“हो सर,” बिरू म्हणाला आणि वाकून याकोबच्या पायाला ग्लोव्ह लावला.

याकोबनं खाली पाहिलं. बिरूकडं, मग माझ्याकडं. “समजलं,” तो म्हणाला.

घंटा झाली.

पहिला राउंड ठरल्याप्रमाणं गेला. बिरू भोवती फिरत होता, हात नुसता टेकवत होता. याकोब जड पावलांनी त्याच्यामागं वळत होता. लोकांना ते पसंत नव्हतं. “नाचायला आलाय का रं?” कुणीतरी ओरडलं. कुणीतरी वड्याचा कागद चुरगळून रिंगमध्ये फेकला. तो उचलून मी खिशात घातला. राउंड संपताना नाईकनवरे बिरूच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या कानाशी लागले. नंतर मला कळलं, ते म्हणाले होते, “दिल्लीचे लोक काय नाच बघायला आलेत? झोपव त्याला. दोन मिनिटांचं काम आहे.”

दुसऱ्या राउंडला याकोब बदलला. कोपऱ्यातून उठला तोच वेगळा माणूस उठला. हनुवटी खांद्यात गेली, पाठ वाकली, डावा हात पुढं आला. ठोठावलं, ठोठावलं, आणि उजवा असा सुटला की बिरूच्या नाकाचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू आला. पांढऱ्या बनियनवर रक्त आलं. पत्रे उडतील असा ओरडा उठला.

“याकोब! याकोब! याकोब!”

बिरू मागं सरकला, सावरला. त्याचे डोळे पेटलेले मी पाहिले. आता हा उलटणार, असं वाटून मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. तो पुढं गेला, दोघं एकमेकांत अडकले, आणि त्या मिठीत याकोब त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मला शब्द कळले नाहीत. मी “ब्रेक” म्हणून दोघांना सोडवलं. त्यानंतर बिरूचे हात खाली आले. छातीच्याही खाली. तो मागं मागं जात राहिला आणि याकोब त्याला मारत राहिला. बरगडीत, खांद्यावर, कपाळावर. बिरू डोकं एवढंच वळवायचा की ठोसा पुरता बसू नये. परत मारत मात्र नव्हता.

“घाबरला! पोलीस घाबरला!” लोक नाचत होते. मलाही तेच वाटलं. पोरगं रक्त बघून बिचकलं, असंच वाटलं.

घंटा झाली. बिरू आपल्या कोपऱ्यात गेला. याकोब गेला तो भलत्याच, रिकाम्या कोपऱ्यात, आणि दोराकडं तोंड करून उभा राहिला. लोकांना वाटलं, गडी मस्तीत आहे, बसायलासुद्धा नको म्हणतोय. शिट्ट्या वाजल्या. मी त्याच्याजवळ गेलो. तो माझ्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात दोन वाक्यं बोलला. मी त्याचा दंड धरला, त्याला त्याच्या स्टुलावर नेऊन बसवलं आणि तसाच टेबलाकडं धावलो.

“डॉक्टर कुठे आहेत? लढत इथंच थांबवायची.”

नाईकनवऱ्यांच्या तोंडात पेढा होता. “काय म्हणता? अहो, गडी जिंकतोय!”

“डॉक्टर कुठे आहेत?”

“हे काय, आमचे मेव्हणेच की.” शेजारी बसलेल्या गृहस्थानं जागेवरूनच रिंगकडं पाहिलं आणि म्हणाला, “ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा ठणठणीत.” दोघं हसले. नाईकनवऱ्यांनी घंटेवाल्याला खूण केली आणि मी रिंगमध्ये पुरता चढायच्या आतच तिसरा राउंड सुरू झाला.

याकोब पुढं आला. पहिल्याच ठोशात बिरूची भुवई फुटली. हॉल उठून उभा होता. मी दोघांच्या मध्ये शिरलो, दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे हलवले आणि म्हणालो, “स्टॉप. लढत संपली.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. नियमाप्रमाणं, पंचानं ज्याला थांबवलं तो हरला. मी थांबवलं होतं याकोबला, जो मारत होता त्याला. बिरूचा हात वर करायला मी गेलो, तर त्यानं तो झटकून मागं घेतला.

पहिली खुर्ची कॉलनीवाल्यांच्या बाजूनं आली. मग चपला, बाटल्या, नारळाच्या करवंट्या. “विकला! मास्तर विकला गेला! दिल्लीवाल्यांसमोर पोलिसाची लाज राखली!” याकोब माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “मी जिंकत होतो,” तो म्हणाला. “तू बघत होतास. मी जिंकत होतो.” आणि तो माझ्या तोंडावर थुंकला. रक्त आणि लाळ. मी पुसलंही नाही, कारण दोन्ही हातांनी मी त्याला धरून ठेवलं होतं. सोडला असता तर तो परत भलत्याच बाजूला चालायला लागला असता.

कपडे बदलायच्या खोलीत त्याला बाकावर बसवलं. एस्तेरबाई त्याच्या हातांची पट्टी सोडत होती. तो शांत झाला होता, भिंतीकडं बघत होता.

“मास्तर, काय म्हणाला तो तुम्हाला?” तिनं मान वर न करता विचारलं. “कोपऱ्यात तुमच्याशी काहीतरी बोलला. मी पाहिलं.”

“म्हणाला, मास्तर, माझा कोपरा कुठला? आणि हे खरगपूरच ना?”

तिनं पट्टी गुंडाळायचं थांबवलं नाही. “दोन वर्षं झाली. गॅसवर दूध ठेवतात आणि फाटकावर जाऊन गाड्या बघत उभे राहतात. मुलीला बहिणीच्या नावानं हाक मारतात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यावर मार बसून बसून असं होतं. आता एकसुद्धा बसता कामा नये, म्हणाले.”

“मग येऊ का दिलंत?”

“नाईकनवऱ्यांना मी सगळं सांगितलं होतं. हात जोडले. ते म्हणाले, बाई, हात टेकवाटेकवी आहे, त्यांना बरं वाटेल, चार माणसं नाव घेतील. आणि खरंच मास्तर, महिनाभर हे इतके खूश होते. रोज पहाटे उठून बूट घालायचे.”

एवढ्यात दार उघडून नाईकनवरेच आत आले. मला वाटलं, हा माणूस आता तोंड लपवील, निदान बाईसमोर तरी. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गदागदा हलवला.

“मास्तर, तुम्ही तर सोनं केलंत! मघाशी मला राग आला होता, माफ करा. अहो, बाहेर पेटलंय सगळं! कॉलनीवाले म्हणतात, परत लावा. गाववाले म्हणतात, परत लावा. पुढच्या महिन्यात उघड्या मैदानावर घेऊ, पंच पुण्याहून आणू, म्हणजे तुमच्यावरही बालंट नको.”

“तुम्हाला याचा आजार माहीत होता,” मी म्हणालो.

“माहीत होता म्हणूनच तर हलक्या हातानं म्हटलं.”

“आणि परत लावणार?”

नाईकनवऱ्यांनी याकोबकडं पाहिलं. अगदी कौतुकानं पाहिलं, माणूस आपल्या दावणीच्या बैलाकडं बघतो तसं. मग आवाज जरा खाली आणून, पण एस्तेरबाईला ऐकू जाईल असा, ते म्हणाले, “त्याला आजचं उद्या थोडंच आठवणार आहे? त्याला प्रत्येक लढत नवीच.”

मी बाहेर गेलो, हॉलच्या मागं संडासाच्या भिंतीला हात टेकवला आणि ओकलो. पोटात काही उरलं नाही तरी थांबेना. पलीकडं लोक अजून भांडत होते, याकोब भारी की बिरू भारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून कुरकुंभला निघालो. बिरूला गाठून सांगायचं होतं, बाबा रे, परतीच्या लढतीला हो म्हणू नकोस. का, तेही सांगावं लागणार होतं.

वस्तीवर बिरू बाभळीखाली बाजेवर बसला होता. नाक सुजून गालाएवढं, भुवईवर चार टाके. मला पाहून उठला.

“सर, तुम्ही कशाला आलात उन्हाचं? मीच येणार होतो.”

“नाईकनवरे आले होते?”

“आले होते. मी नाही म्हटलं.”

मी बाजेवर बसलो. “का नाही म्हटलंस?”

तो म्हणाला, “सर, त्या मिठीत ते मला म्हणाले, पिंटो, आज तुला खरगपूरला गाडतो. मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. म्हणून मी डोळ्यांत पाहिलं. सर, ते माझ्याकडं बघतच नव्हते.”

“म्हणून हात खाली घेतलेस?”

“कुणाला मारू? मी तर तिथं नव्हतोच.”

भरल्या हॉलमध्ये, निवड समितीसमोर, या पोरानं एक अख्खा राउंड आणि वरती जरा मार खाल्ला होता. आणि दोन हातांच्या अंतरावर उभा राहून मीही त्याला भित्रा समजलो होतो.

“मला का नाही सांगितलंस? मी तेव्हाच थांबवलं असतं.”

“तोंडात गार्ड, चारी बाजूंनी माणसं. ओरडून सांगावं लागलं असतं, सर. सगळ्या हॉलनं ऐकलं असतं.” मग त्यानं मला विचारलं, “तुम्ही का थांबवलंत? लोक म्हणतात, तुम्ही माझी बाजू घेतलीत.”

मी त्याला कोपऱ्याचं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली.

“तू खरं सांगितलंस तर तुझ्यावरचा डाग जाईल,” मी म्हणालो. “दिल्लीचे लोक काल तसेच उठून गेले. त्यांना पत्र टाकू. मी टाकतो.”

“आणि मग टपरीवर काय बोलतील, सर? याकोब येडा झालाय, असंच ना? शेडमधली पोरं त्यांच्यामागं ओरडत फिरतील. काल चाललेला खेळ बघितलात ना तुम्ही. याच लोकांच्या हातात द्यायचं हे?” त्याचा आवाज चढला. “मला त्यांच्या ठोशांचं काही वाटलं नाही. नाकाचंही नाही. मला किळस आली ती टाळ्यांची. माणूस कुठं आहे हेसुद्धा त्याला कळत नाही आणि हे टाळ्या वाजवतायत.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. परतीची लढत झाली नाही. नाईकनवऱ्यांनी दुसरा कुणी गडी मिळतो का ते पाहिलं, पण तोवर एस्तेरबाईनं याकोबला राहुरीला आपल्या भावाकडं नेलं. आजारपणाची रजा, मग लवकर निवृत्ती. तो तिथं सहा वर्षं जगला. दिल्लीहून बिरूला बोलावणं आलंच नाही. दोन वर्षांनी त्यानं ग्लोव्हज काढून ठेवले आणि नोकरी करत राहिला. मी तो काळा बो पुन्हा कधी लावला नाही, आणि बॉक्सिंगच्या हॉलातही गेलो नाही. दौंडमध्ये मात्र पक्कं ठरून गेलं की याकोब कधी हरला नाही, त्याला हरवायला पंच विकत घ्यावा लागला.

पण त्या सकाळी हे सगळं व्हायचं होतं. आम्ही बोलत असताना बिरूची आई, हौसाबाई, चहा घेऊन झोपडीबाहेर आली. बाईनं मेंढरांमागं उन्हातान्हात फिरून हे पोर वाढवलं होतं. रात्रभर रडलेली दिसत होती, आणि रागानं नुसती धुमसत होती. पाहुण्याच्या हातात कप द्यायचा सोडून ती तशीच समोर उभी राहिली.

“मास्तर, तुमी तिथं मधी हुता. माझ्यापाशी खरं बोला. सकाळधरनं वस्तीवरची बायामाणसं हसत्यात. म्हन्त्यात, हौसा, तुझा वाघ म्हाताऱ्याच्या हातनं मार खाऊन आला, हात बी उचलला न्हाई. ह्याला इचारलं तर ह्यो तोंड उघडत न्हाई. माझं पोरगं भेकड हाय का? एवढंच सांगा.”

बिरू बाजेच्या पलीकडं उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. त्याचा एक डोळा सुजून मिटलेला, दुसरा माझ्यावर रोखलेला. त्यानं मान हलवली नाही, खूण केली नाही. गरजच नव्हती.

“हौसाबाई,” मी म्हणालो, “याकोब अजून याकोबच आहे. त्याच्यापुढं तुमच्या पोराचं काही चाललं नाही.”

तिनं कप माझ्यासमोर दगडावर ठेवला. हातात दिला नाही. आणि माझ्याकडं, बिरूकडं, कुणाकडंच न बघता आत निघून गेली.